दोन्ही खांदे

माझे मामा घरात चालू लागले की मी त्यांच्या पायांकडे पाहत नाही. ते त्यांना खपत नाही. मी फक्त ऐकतो. त्यांची उजवी चप्पल फरशीवर स्वच्छ वाजते, डावी मागून घासत येते. मधुमेहाने तळव्यांची जाण हळूहळू नेली आहे, त्यामुळे चप्पल पायातून सुटून मागे राहिली तरी त्यांना ते बऱ्याच वेळाने, फरशी गार लागल्यावर नव्हे, तर चालण्याचा आवाज बदलल्यावर कळतं. पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला मी त्या घासण्याचा माग काढत असतो. घासणं मधेच थांबलं की माझ्या हातातलं पान तिथेच थांबतं. मग मी पुढच्या आवाजाची वाट पाहतो आणि तो कसा असेल याचा विचार करू नये म्हणून भिंतीवरच्या रंगाचे पोपडे पाहत राहतो. बहुतेक वेळा मामा नुसतेच खिडकीशी उभे असतात.

बाहेरच्या जगात त्यांना मामा म्हणणारं कोणी नाही. तिथे ते 'पंच' आहेत. उभं आयुष्य त्यांनी कुस्त्यांची पंचगिरी केली, आणि ती अशी केली की हरलेला पैलवानसुद्धा त्यांच्याकडे बोट दाखवू शकत नसे. चीत कोण झालं हे ठरवताना इतर पंच गुडघ्यावर बसत. मामा सरळ गादीवर गाल टेकवून आडवे होत आणि खालच्या पैलवानाच्या खांद्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहत. उजेडाची रेघ असेल तर कुस्ती चालू. दोन्ही खांद्यांखालची रेघ एकदम विझली, तर संपली. आता वयाची पंचाहत्तरी उलटली, मधुमेहाच्या जोडीला रक्तदाब आला, गुडघे गेले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकू लागला, आणि गेल्या वर्षी हृदयाची लयच चुकली. तरी दर रविवारी ते आखाड्यात जातात आणि खुर्चीवर बसून पोरांच्या कुस्त्यांचा निकाल देतात. आजारांबद्दल कोणी विचारलंच तर म्हणतात, "पाच जण मिळून एकावर, हा कुठल्या कुस्तीचा नियम झाला?"

हृदयाच्या त्या दुखण्यानंतर माझी आई इथे महिनाभर राहून गेली. ती मामांची धाकटी बहीण. केस पांढरे झाले तरी मामांच्या तोंडी ती 'चिमणी'च आहे. ती दुसऱ्या शहरात माझ्या थोरल्या भावाकडे राहते. निघताना, रिक्षा दाराशी उभी असताना, तिने अट घातली.

"हे बघ, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तुझी. एकदा जरी पडलास ना, तर मुकाट्याने माझ्याकडे यायचं. कायमचं."

"आणि नाही पडलो तर?"

"तर बस तुझ्या आखाड्यात, मिशीला पीळ देत."

"मला मिशी नाही."

"म्हणूनच म्हणते, उगाच ताठा करू नकोस. कबूल?"

"कबूल," मामा म्हणाले. शब्द दिला की तो मोडायचा नाही, हे त्यांच्या बाबतीत इतकं ठरलेलं होतं की आई निश्चिंत मनाने रिक्षात बसली. मग तिने मला रिक्षातून हाक मारली आणि हळूच म्हणाली, "लक्ष ठेव हं. तू बोलत नाहीस, पण तुला दिसतं सगळं."

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतो. काम माझ्या स्वभावाचं आहे. पाण्याची बारीक धार, फिरतं चाक, आणि समोर कोणी माणूस नाही. पण त्या वर्षी माझं चित्त चाकावर राहिनासं झालं. भिंगाची कडा चाकाला लागली की जो बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, तो ऐकताना मला दर वेळी वाटे, याच क्षणी घरी काहीतरी झालं असेल आणि ते मला ऐकू येणार नाही. मी हात पुसून फोन लावी. मामा फोनवर म्हणत, "जिवंत आहे. ठेव."

"दिवसाला किती वेळा विचारशील रे?" दुकानाचे मालक म्हणत. "मामाला गळ्यात घंटा बांध. वाजली तर बरा, नाही वाजली तर पळ." ते मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त काळजी नावाची गोष्ट ऐकूनच ठाऊक होती.

मग महिन्याभरापूर्वीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी मामांना नेहमीचे प्रश्न विचारले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

"गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात?"

"नाही."

"चक्कर येते?"

"नाही."

मामांच्या आवाजात कुठेही अडखळणं नव्हतं. रक्तदाब मात्र चढलेला होता, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोळी वाढवली, लघवीवाटे अंगातलं पाणी कमी करणारी. रक्त पातळ ठेवणारी गोळी होती तशीच राहिली. "डोक्याला कधी मार लागला, साधं टेंगूळ आलं तरी थेट इथे यायचं," त्या दर वेळेप्रमाणे म्हणाल्या आणि मामांनी दर वेळेप्रमाणे मान हलवली.

त्यानंतर मला डाग दिसू लागले. दंडावर एक जांभळा, कोपराशी एक पिवळा पडत चाललेला, आणि अंघोळीनंतर पंचा सावरताना कंबरेखाली दिसलेला तळहाताएवढा काळपट. मी विचारलं, की मामा सांगत, "टेबल लागलं," "दार लागलं." टेबल आणि दार खरोखरच लागलं असणार, मामा खोटं बोलत नाहीत. माझ्या मनातली शंका म्हणूनच अधिक भयाण होती, कारण तिला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मामा पडले नव्हते. त्यांनी तसं सांगितलं होतं. मग हे सगळं अंगावर कुठून येत होतं?

उत्तर मला सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, जेवणं झाल्यावर मिळालं. मी ताटं उचलत होतो. मामा खुर्चीवरून उठले, टेबलाची कड सोडून एक पाऊल पुढे आले, आणि त्यांचा चेहरा एकाएकी रिकामा झाला. घरातल्या माणसाने दार ओढून घेऊन निघून जावं तसा. गुडघा वाकला. मग कंबर खाली आली, मग कोपर. मी ताटं टाकून धावलो, पण त्या एवढ्याशा अंतरात मी जे पाहिलं त्याचा अर्थ मला लागेना. उजवा खांदा फरशीला लागला होता आणि डावा त्याच्या मागोमाग येत होता, इतक्यात मामांच्या देहात कुठून कोण जाणे जुना जोर आला. त्यांनी मान मागे ताणली, डोकं फरशीत रोवलं आणि त्या डोक्याच्या आधारावर पाठीची कमान करून डावा खांदा वर उचलून धरला. डोकं फरशीला लागल्याचा आवाज आला. सुकलेला नारळ ठेवताना येतो तसा, फार मोठा नाही.

"मामा..."

"हात लावू नकोस." त्यांच्या कपाळावर घाम होता. डोळ्यांत मात्र काहीतरी परतलं होतं. "आधी वाकून बघ. डाव्या खांद्याखालून उजेड दिसतोय की नाही?"

मी खरोखरच गाल फरशीला लावला. आज्ञा पाळायची सवय मनुष्याला किती वेड्या जागी घेऊन जाते! त्यांच्या डाव्या खांद्याखालून समोरच्या दारातला उजेड दिसत होता. डोक्याखालून दिसत नव्हता.

"दिसतोय," मी म्हणालो.

"मग पडलो नाही," मामा म्हणाले आणि तेव्हा कुठे त्यांनी अंग सैल सोडलं, तेही कुशीवर वळून.

त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिल्यावर मी विचारलं, माझा आवाज मलाच परका वाटत होता, "मामा, याआधीही असं झालंय?"

"असं म्हणजे?"

"असं खाली येणं."

"खाली येणं होतं अधूनमधून. गुडघ्यावर येतो कधी, कधी कुशीवर. त्याला पडणं नाही म्हणत." ते समजुतीच्या स्वरात बोलत होते, आखाड्यातल्या नव्या पोराला सांगावं तसे. "अरे, आमच्यात 'अमका पडला' म्हणजे काय? चीत झाला. दोन्ही खांदे एकदम टेकले. गुडघ्यावर आलेल्या गड्याला पडला म्हणायला लागलो, तर एक कुस्ती पुरी होईल का?"

"आणि डॉक्टरांना तुम्ही..."

"खरं तेच सांगितलं."

मला हसू आलं नाही. नंतर कधी आठवून येईल असंही मला वाटत नाही. डॉक्टरीणबाईंसमोरची ती सगळी 'नाही' मला आठवली, आणि त्यांच्या भरवशावर वाढलेली ती गोळीही. चिमणीला दिलेला शब्द मामांनी तंतोतंत पाळला होता. इतका तंतोतंत, की तो पाळण्यासाठी ते दर वेळी खांदे वाचवून डोकं पुढे करत होते, आणि त्या डोक्यातलं रक्त आता पाण्यासारखं पातळ होतं.

"डोक्याला लागलंय तुमच्या. दवाखान्यात जायचं."

"लागलं नाही. मी टेकवलं."

"मामा, चला."

"जाऊ या की. मान आखडलीय, तेवढं दाखवू." मग माझ्याकडे नीट पाहत ते म्हणाले, "पण भाचेबुवा, तिथे गेल्यावर पडले-बिडले असलं काही बोलायचं नाही. डॉक्टरीणबाई लिहून घेतील, तुझी आई तो कागद मागेल, आणि पुढच्या रविवारी मी तुझ्या दादाच्या गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजत असेन. कळलं?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. माझ्या स्वभावात या दोहोंच्या मधे बरीच जागा आहे. तिथेच मी बहुतेक वेळ राहतो. रिक्षात मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पापणी एकसारखी मिटते का, शब्द जड होतात का. ते रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. मला वाटलं गंमत म्हणून वाचतायत. मग लक्षात आलं, तेही स्वतःलाच तपासत होते.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पंखा होता, वजनाचा काटा होता, आणि भिंतीला लागून तपासणीचं उंच टेबल होतं. त्यांनी मान चाचपली.

"पडलात का?"

"नाही."

"मग आखडली कशाने?"

"जरा जोर दिला."

"या वयात जोर कसला देता? उशी पातळ घ्या. लावायला मलम देते." त्यांनी लिहायला घेतलं. बाहेर पुढचा रोगी दाराशी येऊन उभा राहिला होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता आणि तो मला खोलीभर जाणवत होता. मी बोललो नसतो तर काही मिनिटांत आम्ही मलम घेऊन घरी निघालो असतो, आणि रात्री मी पलीकडच्या खोलीत त्यांचा श्वास ऐकत पडलो असतो.

"मामा," मी म्हणालो, "लढणारा पैलवान स्वतःच उठून म्हणाला, माझा खांदा टेकला नव्हता, तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. मामांनीही.

"हे काय मधेच?"

"सांगा ना. काय म्हणता?"

"म्हणतो, जाऊन बस."

"का?"

प्रश्न त्यांच्या मुलखातला होता. तिथे खोटं उत्तर देणं त्यांना शक्य नव्हतं. "कारण लढणाऱ्याला आपली पाठ दिसत नाही," ते सावकाश म्हणाले.

"मला दिसली."

"खांदा वर होता. तू पाहिलास."

"खांदा वर होता. डोकं खाली होतं, मामा. डोक्याखाली उजेड नव्हता." मी डॉक्टरीणबाईंकडे वळलो. "ते पडले. आज दुपारी. डोकं आपटलं. याआधीही पडलेत. फक्त त्याला ते पडणं म्हणत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी मलमाचा कागद बाजूला सारला. मला वाटलं, मामा आता माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. मग त्यांनी खुर्चीतच पाठ सरळ केली आणि म्हणाले, "त्याचा निर्णय बरोबर आहे. विचारा काय विचारायचं ते."

"किती वेळा?"

त्यांनी बोटं दुमडत मोजायला सुरुवात केली. एका हाताची संपली तेव्हा ते थांबतील असं मला वाटलं. ते दुसऱ्या हाताकडे वळले.

"आणि चक्कर येत होती, ते का नाही सांगितलंत?"

"चक्कर म्हणजे गरगरतं. मला गरगरत नाही. उठलो की दिवे जातात. मग येतात."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "असू दे. टेबलावर पडा पाहू."

"पडू?" मामा म्हणाले. "आत्ताच तर एवढं रामायण झालं त्यावरून."

त्या हसल्या. मामा टेबलावर निजले तेव्हा त्यांनी रक्तदाब घेतला, मग उभं करून पुन्हा घेतला, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. आकडा कोसळला होता. पाणी कमी करणारी ती गोळी तिथल्या तिथे बंद झाली. डोक्याचा फोटो काढायला आम्हाला खालच्या मजल्यावर पाठवलं. मामांची चाकाची खुर्ची मी लांब व्हरांड्यातून ढकलत नेली. यंत्राच्या दाराबाहेर मी उभा राहिलो. आतून येणारी घरघर माझ्या दुकानातल्या चाकासारखी होती, एवढीच ओळखीची गोष्ट तिथे होती.

फोटोत रक्त दिसलं नाही. "आत्ता दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत नजर ठेवा. डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, तर निघायचं." मग त्या मामांच्या खुर्चीसमोर येऊन वाकल्या. "पंच, तुम्हाला एक सांगते. पुढच्या वेळी खांदे टेकू द्या. खांदा मोडला तर आम्ही बसवू. पण ही गोळी चालू असताना डोक्यात रक्त साचलं, तर आमच्या हातात फार थोडं उरतं. आणि उठताना घाई नाही. आधी बसायचं, मग धरून उभं राहायचं, दिवे आले की चालायचं."

"म्हणजे हरायला शिकायचं," मामा म्हणाले.

"नीट हरायला."

बाहेर बाकावर बसल्यावर मामांनी माझ्याकडे फोन मागितला. "तू नको लावूस," ते म्हणाले. "शब्द मी दिला होता." त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन कानापासून लांब धरून बोलतात, त्यामुळे पलीकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं.

"काय रे, आत्ता कसा फोन?" आईचा आवाज आला.

"चिमणे, पडलो."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आई आता अट काढणार, मी मनाशी म्हटलं. रागावणार, मला फोन द्यायला सांगणार.

"लागलं का रे तुला?" तिने विचारलं.

व्हरांड्याच्या टोकाला कोणीतरी फरशी पुसत होतं. मामा तिकडे पाहत होते, पण त्यांना ते दिसत नसावं.

"लागलं," ते म्हणाले.

"कुठे?"

"आज डोक्याला. पण फोटो ठीक आहे. मागे कोपराला लागलं होतं. कंबरेला लागलं त्याला झाले काही दिवस, ते अजून दुखतं, त्या कुशीवर झोपता येत नाही." एकेक जागा ते सांगत गेले, टेबल आणि दार वगळून. आई मधून मधून नुसतं 'हं' म्हणत होती, लहान मुलाचा गुडघा धुताना म्हणावं तसं. शेवटी मामा म्हणाले, "तर ठरल्याप्रमाणे येतो."

"रविवार करून ये हवं तर. पोरं वाट बघतील ना तुझी?"

"नको. चीत झालेल्याने गादीवर रेंगाळायचं नसतं."

"बरं. बॅग त्याला भरू दे. तू वाकायचं नाहीस."

"नाही वाकत."

"आणि माझ्याकडे पडलास तर मला उचलता यायचं नाही, आधीच सांगून ठेवते. माझी कंबर कुठे धड आहे?"

"मग दोघं पडून राहू," मामा म्हणाले, आणि पलीकडे आई एकदम हसली. ते हसू पूर्ण होण्याआधीच कुठेतरी फुटलं, म्हणून तिने फोन ठेवला.

मामांनी फोन माझ्या हातात दिला. संध्याकाळ होत आली होती. उद्याच्या संध्याकाळपर्यंतचा सगळा वेळ माझ्यासमोर ओळीने उभा होता, आणि त्यानंतर एक घर, ज्यात घासत येणारी चप्पल नसेल.

"काय भाचेबुवा, खूश?"

"नाही."

"मीही नाही. म्हणजे आपली कुस्ती बरोबरीत सुटली." त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश उभे राहिले. मी त्यांच्या समोर उभा राहिलो, हात अर्धवट पुढे, न लावता. त्यांचा चेहरा पुन्हा दुपारसारखा रिकामा होऊ लागला होता.

"आले का दिवे?" मी विचारलं.

"थांब," मामा म्हणाले. त्यांची पकड बाकावर पांढरी झाली होती. "अजून नाही आले."